पांढरा वड आणि काळे आकाश: अवरक्त छायाचित्रात खरे किती, रंगवलेले किती

तुम्ही विचारलेले प्रश्न तीन आहेत. पुण्यातील एका कलादालनात तुम्ही अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड, छायाचित्रांचे प्रदर्शन पाहिले. त्यातील पांढरीशुभ्र झाडे आणि भर दुपारचे काळे आकाश कॅमेऱ्याला खरोखर तसे दिसते, की ती संगणकावरची करामत असते, हा पहिला प्रश्न. घरात पडून असलेला जुना डीएसएलआर कॅमेरा या कामाला लावता येईल का, हा दुसरा. तिसरा प्रश्न तुम्ही थोड्या संकोचाने विचारलेला दिसतो. पिंपळाच्या फांद्यांभोवती जे धूसर तेज दिसत होते ती झाडाची प्राणऊर्जा, त्याची आभा असते, असे प्रदर्शनातच तुम्हाला कोणीतरी सांगितले. त्यात कितपत तथ्य आहे?

आधी सरळ उत्तर देतो. अशा चित्रातील उजळपणा आणि काळेपणा खरा असतो. रंग असलेच, तर ते छायाचित्रकाराने ठरवलेले असतात. तेजाचे मूळ झाडात नसून जुन्या फिल्मच्या बांधणीत आहे. या तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखता आल्या की अवरक्त छायाचित्र कसे वाचावे ते कळते, म्हणून पुढचे सगळे विवेचन त्याच अंगाने करतो. कारण समजले की गूढ संपते, अशी भीती बाळगू नका. या विषयात तरी उलटेच घडताना मी पाहत आलो आहे.

माणसाच्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. संगीताच्या हिशेबाने पाहिले तर हा पट्टा एक सप्तकही भरत नाही. तांबड्याच्या पलीकडे प्रकाश संपत नाही, फक्त आपली नजर संपते, हे प्रथम लक्षात आले ते १८०० मध्ये. युरेनस शोधणारे विल्यम हर्शेल लोलकातून पडलेल्या वर्णपटाच्या निरनिराळ्या रंगांत तापमापी ठेवून कोणत्या रंगात किती उष्णता आहे ते मोजत होते. तांबड्याच्या बाहेर, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे ठेवलेल्या तापमापीचा पारा सर्वांत जास्त चढला. अवरक्त किरणांचा शोध असा पाऱ्याच्या नळीतून लागला, आणि त्यामुळेच अवरक्त म्हणजे उष्णता हे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले. छायाचित्रणाच्या बाबतीत या समीकरणाने फार घोटाळा केला आहे.

आपण ज्या छायाचित्रांविषयी बोलत आहोत ती ७०० ते सुमारे १,१०० नॅनोमीटरच्या, म्हणजे निकट अवरक्त पट्ट्यातील असतात. कॅमेऱ्याचा सिलिकॉनचा सेन्सर तिथपर्यंतच पाहू शकतो. माणसाचे अंग, चहाची किटली किंवा उन्हात तापलेला पत्रा जे उष्णतेचे किरण बाहेर टाकतात त्यांची तरंगलांबी यापेक्षा कितीतरी मोठी, साधारण १०,००० नॅनोमीटरच्या आसपास असते, आणि ते पकडायला वेगळा थर्मल कॅमेरा लागतो. आपल्या सह्याद्रीतील चापडा साप डोळा आणि नाकपुडी यांच्यामधील खळगीने भक्ष्याची ऊब टिपतो ती या दुसऱ्या जातीची. तेव्हा पांढरे दिसणारे झाड तापलेले नसते. ते सूर्याकडून आलेला निकट अवरक्त प्रकाश परत फेकत असते, इतकेच. सूर्य मावळला आणि दुसरा दिवा नसला तर ते झाड या कॅमेऱ्यालाही अंधारातच राहते.

अशी चित्रे तुम्ही रोज पाहता, हे कदाचित तुमच्या ध्यानात आले नसेल. सोसायटीच्या सीसीटीव्हीचे रात्रीचे चित्रण आठवा. त्यात कुंडीतील तुळस पांढरी दिसते, वॉचमनचा काळा स्वेटर राखाडी दिसतो आणि मांजराचे डोळे चमकतात. तिन्हीसांजेला तो कॅमेरा ‘टक्’ असा बारीक आवाज करतो, त्या वेळी त्याच्या सेन्सरसमोरचा अवरक्तरोधक फिल्टर बाजूला सरकतो आणि भोवतीचे छोटे एलईडी दिवे बहुधा ८५० नॅनोमीटरचा प्रकाश टाकू लागतात. प्रदर्शनातील चित्र आणि गेटवरचे चित्रण यांचे भौतिकशास्त्र एकच आहे; फरक आहे तो उन्हाचा, लेन्सचा आणि पाहणाऱ्याच्या दृष्टीचा.

आता पानांकडे वळू. हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश भरपूर शोषते, हिरवा त्या मानाने कमी, म्हणून पान हिरवे दिसते. ७०० नॅनोमीटरच्या पुढे मात्र हरितद्रव्याची शोषणशक्ती एकाएकी संपते आणि ते काचेसारखे पारदर्शक होते. त्या प्रकाशापुरते पान म्हणजे पाण्याने भरलेल्या पेशी आणि त्यांच्यामधील हवेच्या पोकळ्या. पेशीकडून हवेत आणि हवेतून पुन्हा पेशीत जाताना प्रकाश प्रत्येक कडेवर वळतो, विखुरतो, आणि त्यातील जवळजवळ अर्धा वरच्या बाजूने परत बाहेर येतो. उरलेल्यातील बराचसा पानाच्या पलीकडे निघून जातो. पानात शोषला जातो तो अगदी थोडा. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९१० मध्ये अशी पहिली निसर्गचित्रे प्रसिद्ध केली, म्हणून या पांढरेपणाला वुड परिणाम असे म्हणतात. पाने अवरक्त प्रकाशात स्वतःहून चमकतात असे काही ठिकाणी लिहिलेले आढळते, ते चूक आहे. हरितद्रव्याची थोडी प्रतिदीप्ती, म्हणजे शोषलेला प्रकाश पुन्हा बाहेर टाकणे, असते खरी, पण परावर्तनापुढे ती नगण्य ठरते.

याची खात्री करायची असेल तर वसंतात पिंपळाच्या नव्या पालवीचे चित्र काढून पाहा. एकाच फांदीवर शेंड्याला तांबूस, लवलवती पालवी असते आणि खाली गर्द हिरवी जून पाने असतात. साध्या छायाचित्रात दोन्हींचा रंग अगदी वेगळा येतो. अवरक्त चित्रात दोन्ही पांढरी होतात आणि फरक उरतो तो केवळ पानाच्या ताठपणाचा, त्याच्या शिरांचा आणि उन्हाच्या कोनाचा. तांबूसपणा ज्या रंगद्रव्यामुळे येतो तेही या प्रकाशाला अडवत नाही. याच कारणाने गुलमोहर अवरक्त प्रकाशात काढू नये असे मी सगळ्यांना सांगतो. मे महिन्यात ज्याच्यासाठी आपण थांबून वर पाहतो तो लाल बहर तिथे पानांच्या पांढऱ्यात पार विरघळून जातो.

आकाश काळे होते ते अगदी वेगळ्या कारणाने. हवेचे रेणू प्रकाश विखुरतात त्याचे प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त असते. म्हणजे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश जितका विखुरतो त्याच्या बाराव्या-तेराव्या हिश्श्याइतकाच ८५० नॅनोमीटरचा प्रकाश विखुरतो. निळे आकाश म्हणजे विखुरलेला प्रकाशच, त्यामुळे अवरक्तात ते जवळजवळ रिकामे राहते. ढगांतील थेंब मात्र तरंगलांबीपेक्षा पुष्कळ मोठे असल्याने सर्वच प्रकाश सारखा विखुरतात, म्हणून काळ्या आकाशावर ढग कोरल्यासारखे उठून दिसतात. दूरच्या डोंगरांवरचा धुरकट पडदाही याच नियमाने विरळ होतो. वेताळ टेकडीवरून हिवाळ्यातील दुपारी डोळ्यांना सिंहगड नुसता करडा आकार दिसत असतो तेव्हा अवरक्त चित्रात त्याची कड आणि सोंडा वेगळ्या ओळखता येतात. सकाळच्या दाट धुक्यातून मात्र काहीही दिसत नाही, कारण धुके म्हणजे जमिनीला टेकलेला ढग. अवरक्त कॅमेरा धुक्यातून आरपार पाहतो अशी जाहिरात कोणी केली तर त्यावर विश्वास ठेवू नका.

पाणी अवरक्त प्रकाश शोषून घेते आणि त्यातून आकाशाचे प्रतिबिंबही काळेच येते, म्हणून तळी शाईसारखी दिसतात. पाषाण तलावावर किंवा मुठेच्या संथ पात्रात जलपर्णी माजलेली असते तेव्हा ही गोष्ट फार प्रकर्षाने दिसते. डोळ्यांना हिरवट पाणी आणि हिरवी जलपर्णी यांची हद्द कधीकधी कळत नाही. अवरक्त चित्रात काळ्याभोर पाण्यावर पांढरा थर इतका स्पष्ट उमटतो की एकेक सुटे रोप मोजता यावे. उपग्रह हेच करतात. तांबड्या आणि निकट अवरक्त प्रकाशातील परावर्तनाची वजाबाकी करून तिला त्यांच्या बेरजेने भागले की वनस्पतींचा निर्देशांक, म्हणजे एनडीव्हीआय, मिळतो, आणि त्यावरून पीक जोमात आहे की सुकते आहे याचा अंदाज बांधता येतो.

या विद्येचा भारतातील आरंभ ज्यांच्या हातून झाला त्यांचे पुण्याशी नाते आहे, हे इथे आवर्जून सांगायला हवे. पिशारोथ रामा पिशारोटी हे पुण्यातील उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक. पुढे १९७० च्या सुमारास त्यांनी केरळातील नारळाच्या बागांची अवरक्त रंगीत फिल्मवर हवाई छायाचित्रे घेऊन मुळांच्या रोगाने ग्रासलेली झाडे ओळखण्याचा प्रयोग केला. रोगट झाडाच्या पानांची अंतर्गत रचना बिघडू लागली की त्यांचे अवरक्त परावर्तन उतरते, आणि डोळ्याला झाड हिरवेच दिसत असतानाही फिल्मला तो फरक कळू शकतो. भारतातील दूरसंवेदनाची, म्हणजे दुरून जमिनीची पाहणी करण्याच्या तंत्राची, सुरुवात या प्रयोगापासून मानली जाते. मार्च १९८८ मध्ये सोडलेल्या आयआरएस-१ए या उपग्रहाच्या कॅमेऱ्यांतही निकट अवरक्ताचा पट्टा होता.

आता रंगांविषयी. प्रदर्शनात तुम्ही सोनेरी पानांवर निळे आकाश असलेली चित्रेही पाहिली असतील. अवरक्त प्रकाशाला माणसाच्या लेखी रंगच नाही, त्यामुळे कोणताही रंग हा उसना असतो. सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरव्या किंवा निळ्या रंगाचा सूक्ष्म फिल्टर असतो. ७२० नॅनोमीटरच्या आसपास लाल फिल्टर इतर दोघांपेक्षा जास्त प्रकाश आत सोडतो, आणि ८५० च्या पुढे तिन्ही जवळजवळ सारखेच वागतात. त्यामुळे ७२० च्या चित्रात थोडा रंगभेद उरतो, ८५० चे चित्र पूर्ण कृष्णधवल होते, आणि ५९० चा फिल्टर लावला तर नारिंगी-तांबडा दृश्य प्रकाशही मिसळून रंग भडक होतात. कॅमेऱ्यातून येते ते विटकरी आकाश. संगणकावर लाल आणि निळ्या वाहिन्यांची, म्हणजे चित्रातील त्या रंगांच्या नोंदींची, अदलाबदल केली की ते निळे होते. याला फसवणूक म्हणता येणार नाही, पण त्या निळ्याला पुराव्याचे मोलही देता येणार नाही. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीच्या चित्रांतही रंग दिलेलेच असतात, मात्र तिथे साधारणपणे लहान तरंगलांबीला निळा आणि मोठीला तांबडा असा क्रम पाळतात, म्हणून त्या रंगांतूनही माहिती मिळते. आपल्या वाहिन्यांच्या अदलाबदलीत असा काही नियम नसतो. माझे वैयक्तिक मत विचाराल तर मी कृष्णधवल पसंत करतो, कारण त्यात चित्राने स्वतः सांगितले तेवढेच राहते. कोडॅकच्या एरोक्रोम फिल्मचा गडद गुलाबी रंग मात्र मला त्याला अपवाद वाटतो. ती फिल्म हिरव्या रंगांनी झाकलेल्या लष्करी वस्तू खऱ्या झाडोऱ्यापासून वेगळ्या ओळखण्यासाठी घडवलेल्या फिल्मच्या घराण्यातली. तिच्यात अवरक्त लाल होऊन उमटे, तांबडा हिरवा होऊन आणि हिरवा निळा होऊन. रिचर्ड मॉस या छायाचित्रकाराने हीच फिल्म काँगोतील युद्धाच्या चित्रणासाठी वापरली आणि २०१३ च्या व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात ते काम मांडले. जिथे दडून बसणे हाच जगण्याचा मार्ग आहे तिथे दडलेले उघड करणारी फिल्म वापरणे, या निवडीला अर्थ होता.

तेजाचा प्रश्न आता सोपा होतो. साध्या फिल्मच्या पाठीमागे एक गडद थर असतो, त्याचे काम आरपार गेलेला प्रकाश शोषून घेणे हे. कोडॅकच्या हाय स्पीड इन्फ्रारेड फिल्ममध्ये हा थर नव्हता. उजळ भागातला प्रकाश फिल्म ओलांडून मागच्या पृष्ठावर आपटे, परत येई आणि आजूबाजूला पसरे. पान जितके उजळ तितके त्याभोवतीचे वलय मोठे. ही फिल्म कॅमेऱ्यात भरायलासुद्धा पूर्ण अंधार लागे. २००७ मध्ये ती बंद झाली, पण तोपर्यंत तिच्या उणिवेचे लोकांच्या नजरेत सौंदर्य झाले होते, आणि आज डिजिटल चित्रात तेच वलय सॉफ्टवेअरने मुद्दाम घालतात. तुम्ही पाहिलेल्या पिंपळाभोवतीचे तेज या दोहोंपैकी एका मार्गाने आलेले असणार. ते झाडाचे असते तर शेजारच्या चुन्याने रंगवलेल्या भिंतीभोवती दिसायला नको होते; तुम्ही पुन्हा गेलात तर चित्रातील भिंतीच्या, ढगांच्या कडा तपासून पाहा. उच्च दाबाच्या विजेवर काढलेली किर्लियन छायाचित्रे दाखवूनही आभेचे दावे केले जातात. ती वस्तूच्या कडेवर होणाऱ्या विद्युत्स्रावाची चित्रे असतात आणि वस्तूतील ओलावा बदलला की तीही बदलतात. अवरक्त छायाचित्रणाशी त्यांचा काही संबंध नाही.

तरीही पिंपळाविषयी, वडाविषयी वाटणारी गूढता मी मोडीत काढणार नाही, कारण तिच्यासाठी याहून चांगला आधार उपलब्ध आहे. विद्यापीठाच्या आवारातील एखाद्या मोठ्या वडाखाली दुपारी उभे राहा. डोळ्यांना तिथे गर्द सावली असते. कॅमेऱ्याला मात्र ती सावली तितकी गर्द वाटत नाही, कारण पानांनी तांबडा आणि निळा प्रकाश ठेवून घेतला असला तरी अवरक्त प्रकाश थरांमागून थर ओलांडून खाली झिरपलेला असतो; पारंब्या आणि खोडाचे पदर सगळ्या बाजूंनी उजळलेले दिसतात. हा फरक केवळ कॅमेऱ्यालाच कळतो असेही नाही. वनस्पतींमध्ये फायटोक्रोम नावाचे प्रथिन असते. ते ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा आणि ७३० च्या आसपासचा अतितांबडा प्रकाश यांचे प्रमाण जोखते. अतितांबडा जास्त झाला म्हणजे डोक्यावर दुसऱ्या कोणाची तरी पाने आहेत, हे रोपाला कळते आणि उन्हात वाढणाऱ्या कित्येक जातींची रोपे मग घाईने उंच वाढू लागतात. म्हणजे ज्या प्रकाशाच्या उंबरठ्यावर आपली नजर थांबते त्यात झाडे एकमेकांची चाहूल घेत असतात. ७२० नॅनोमीटरचा फिल्टर नेमका त्या उंबरठ्यावर बसतो. प्राणऊर्जेच्या कथेपेक्षा ही हकिकत मला कितीतरी अधिक विलक्षण वाटते, आणि ती प्रयोगशाळेत पडताळलेली आहे.

तुमच्या जुन्या कॅमेऱ्याकडे येऊ. प्रत्येक डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरसमोर अवरक्त प्रकाश अडवणारी काच असते; कोणत्या कॅमेऱ्यात ती किती कडक आहे यावर सगळे अवलंबून. टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा आणि काही सेकंदांचे एक्स्पोजर द्या. दिव्याचा ठिपका ठळक उमटला तर तुमचा कॅमेरा बऱ्यापैकी उदार आहे. निकॉन डी७० आणि डी४० यांसारखे सुरुवातीचे डीएसएलआर या बाबतीत पुष्कळ बरे. २००६ च्या लायका एम८ मध्ये ही काच इतकी पातळ होती की काळे कृत्रिम कापड जांभळट येई आणि कंपनीला ग्राहकांना लेन्सवर लावायचे फिल्टर द्यावे लागले. ज्यांना अवरक्त चित्रे काढायची होती त्यांना मात्र तो कॅमेरा आवडला.

सर्वांत कमी खर्चाचा मार्ग म्हणजे लेन्सवर ७२० नॅनोमीटरचा फिल्टर, होयाचा आर७२ किंवा त्या धर्तीचा दुसरा, आणि मजबूत ट्रायपॉड. फिल्टर जवळजवळ काळा असल्याने डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून काही दिसणार नाही. आधी चौकट बांधायची, फोकस करून तो कुलूपबंद करायचा, मग फिल्टर चढवायचा. भर उन्हातही एक्स्पोजर काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत जाते, त्यामुळे वाऱ्यावर हलणारी पाने पुसट होतात. पुष्कळांना इथेच कंटाळा येतो. मला मात्र शिकण्यासाठी हीच पद्धत योग्य वाटते: पाऊण तासात चार-सहा चित्रेच होतात, म्हणून कोणत्या झाडावर ऊन कसे आहे हे आधी पाहावे लागते. फाइल रॉ, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीच्या, स्वरूपात ठेवा आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने पांढरे कशाला मानायचे ते, उन्हातील हिरवळीवर धरून हाताने ठरवा, नाहीतर सगळे चित्र लालभडक येईल आणि काही सॉफ्टवेअरमध्ये ते सावरण्याइतकी मोकळीकच नसते.

गोडी लागली तर कॅमेरा कन्व्हर्ट करून घ्यावा, म्हणजे आतली अवरोधक काच काढून तिच्या जागी अवरक्त फिल्टर किंवा साधी पारदर्शक काच बसवून घ्यावी. मग हातात धरून, नेहमीच्या वेगाने चित्रे काढता येतात. हे काम घरी करू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये कॅमेरा बंद असतानाही सुमारे ३०० व्होल्टचा भार शिल्लक असू शकतो आणि तो जीवघेणा धक्का देऊ शकतो. नवी काच मूळ काचेच्या प्रकाशीय जाडीशी जुळली नाही तर फोकस बिघडतो, हा आणखी एक धोका. कन्व्हर्ट करायला निवड असेल तर मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, कॅमेरा घ्या. अवरक्त प्रकाश लेन्समधून थोड्या वेगळ्या अंतरावर एकवटतो. जुन्या लेन्सवर फोकसच्या खुणेशेजारी लाल ठिपका किंवा ‘आर’ असे अक्षर असे ते याचसाठी. मिररलेस कॅमेरा सेन्सरवरच फोकस करत असल्याने ही भानगड त्यात उरत नाही.

लेन्सची परीक्षा मात्र प्रत्येकाने स्वतः घ्यावी. काही उत्तम, महागड्या लेन्स अवरक्तात चित्राच्या मधोमध फिकट गोल डाग पाडतात, त्याला हॉटस्पॉट म्हणतात. लेन्सच्या आतील लेप आणि काळा रंग दृश्य प्रकाशासाठी आखलेले असतात, अवरक्ताला ते परावर्तित करतात. कोऱ्या आकाशाकडे रोखून एफ/५.६, एफ/११ आणि एफ/१६ अशी तीन चित्रे घ्या (आकडा मोठा तितके लेन्सचे छिद्र लहान); छिद्र लहान होईल तसा डाग ठळक होतो. तरंगलांबी मोठी असल्याने विवर्तनाचा, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने येणारा, धूसरपणाही दृश्य प्रकाशाच्या दीडपट असतो, तेव्हा एफ/११ च्या पुढे न गेलेलेच बरे. आणि एक सूचना जी दुकानदार सहसा देत नाहीत: हा काळा फिल्टर डोळ्याला लावून सूर्याकडे कधीही पाहू नका. दृश्य प्रकाश अडल्याने बाहुली विस्फारते आणि अवरक्त मात्र पुरताच आत जाऊन दृष्टिपटलाला इजा करतो, तीही न दुखवता.

पुण्यात सर्वांत चांगला काळ पावसाळा ओसरल्यानंतरचा, ऑक्टोबरचा. हवा धुतलेली, गवत हिरवे, ढगांचे सुटे पुंजके, आणि ऊन कडक. छायाचित्रणाच्या पुस्तकांत भर दुपार टाळायला सांगतात. अवरक्तासाठी अकरा ते तीन हीच वेळ उत्तम. एम्प्रेस गार्डनमधील जुने वृक्ष, रस्त्याकडेचे पर्जन्यवृक्ष हे हक्काचे विषय आहेत. टेकड्यांवर लावलेली गिरिपुष्पाची झाडे उन्हाळ्यात निष्पर्ण होतात, तेव्हा तिकडे जाऊन फारसे हाती लागत नाही. पाताळेश्वरला जरूर जा: तिथला बेसॉल्ट अवरक्तातही काळाच राहतो, त्यामुळे दगडी मंडप आणि भोवतालची झाडी यांतला विरोध कागदावर फार सुंदर उतरतो. संरक्षित वास्तूत ट्रायपॉडला परवानगी लागते, तेवढी आधी काढा.

पोथ्यांचे वेड असलेल्या घरात कन्व्हर्ट केलेला कॅमेरा आणखी एका कामाला येतो. काजळीची पारंपरिक शाई अवरक्त प्रकाश शोषते आणि काळीच राहते, उलट जुनाट तपकिरी पडलेला कागद आणि कित्येक डाग फिके होतात. त्यामुळे पुसट मोडी कागद पुष्कळदा अधिक वाचनीय होतो. मृत समुद्राजवळ सापडलेल्या काळवंडलेल्या चर्मपत्रांची छायाचित्रे १९५० च्या दशकात याच तत्त्वावर घेतली गेली. लोहयुक्त शाईने लिहिलेला मजकूर मात्र अवरक्तात विरून जाऊ शकतो, म्हणून आधी एका कोपऱ्याचे चित्र घेऊन पाहावे.

माणसांची चित्रे काढताना एक पथ्य पाळा. अवरक्तात त्वचा गुळगुळीत, दुधट दिसते, तिच्याखालच्या शिरा उमटतात, डोळे काळे होतात. एखाद्या चेहऱ्याला ते शोभते, एखाद्याला अजिबात नाही. पण काही पातळ कृत्रिम कापडे या प्रकाशाला अपेक्षेपेक्षा जास्त पारदर्शक असतात. म्हणून समोरच्या व्यक्तीला आधी समजावून सांगितल्याशिवाय आणि काढलेले चित्र तिला दाखवल्याशिवाय मी कोणाचेही अवरक्त चित्र काढत नाही. सारसबागेच्या किंवा मंडईच्या गर्दीत तर हा कॅमेरा पिशवीतच ठेवतो.

तुम्ही फिल्मविषयीही ओझरते विचारले आहे. इलफर्ड एसएफएक्स २०० साधारण ७४० नॅनोमीटरपर्यंतच पाहते, त्यामुळे तिच्यावर पाने राखाडी-पांढरी येतात, शुभ्र नाही; रोलाय इन्फ्रारेड ४०० तिच्यापेक्षा थोडी पुढे जाते. दोन्हींत जुन्या कोडॅकचे वलय मिळणार नाही. तुमच्याकडे फिल्म कॅमेरा आणि धुण्याची सोय आधीपासून असेल तर रोलायचा एक रोल आर७२ लावून, प्रत्येक चौकटीची दोन-तीन वेगवेगळी एक्स्पोजर देऊन काढा, कारण लाइटमीटरला अवरक्त किती आहे ते कळत नाही. तसे काही नसेल तर सुरुवात त्या जुन्या डीएसएलआरनेच करा, आणि रिमोटची चाचणी आज रात्रीच करून पाहा.